उरलेला एक पोरगा

गळ पुन्हा पाण्यात पडला, तशी संपतआबांनी मान फिरवली.

येडगाव धरणाच्या भिंतीलगत सकाळी त्यांच्या पोराची, आदेशची मोटारसायकल सापडली होती. चावी तिलाच. आता मासेमारीची होडी त्याला शोधत कडेकडेने फिरत होती आणि होडीवाला भगवंत तीत उभा राहून गळाचा दोर ओढत होता. दोर जड लागला की काठावरची सगळी माणसं एकदम गप्प व्हायची. वर शेवाळ आलं की पुन्हा श्वास सोडायची.

आबांच्या तोंडात सदानकदा एखादा अभंग घोळत असायचा. आज एक चरण आठवेल तर शपथ. नुसतं "पांडुरंगा" म्हणायचे आणि तिथंच अडायचे. पोराशी भांडण नाही, बोलाचाली नाही. काल दुपारी समोर बसून जेवला, ताट घासून ठेवलं आणि गेला.

"रिंग जातीये," त्यांचा चुलतभाऊ गेणभाऊ फोन कानाला लावून म्हणाला. "म्हंजे फोन कोरडा हाय, संपत. धीर धर."

"फोन कोरडा हाय," आबा म्हणाले.

गेणभाऊला भीती वाटली की त्याची जीभ जास्तच चालायची. "त्या मोबाईलमधल्या पोरांनी येड लावलं त्याला. घरची शेळी बांधाया सांगितली तर उठायचा न्हाई, आन् तिथं रातंदिस लोकाची पोरं घडवतोय!"

"काका, गप बसा ना हो," आरोही कळवळून म्हणाली.

आरोही आदेशची धाकटी बहीण. मोबाईलवरचा तो बास्केटबॉलचा खेळ तीही खेळायची. त्यात आपण चेंडूला हात लावायचा नसतो. खेळातलीच अठरा वर्षांची कोवळी पोरं संघात घ्यायची, दर आठवड्याला एकेक गोष्ट शिकवायची, ती सामने हरली तरी त्यांनाच मैदानात ठेवायचं. जगभरचे लोक असे संघ चालवतात. आदेश जिंकायचा कमी. पोरं मात्र अशी तयार करायचा की लोक विचारत यायचे.

काही सुचेना म्हणून तिने मोबाईलवर त्याचा संघ उघडला. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"दादानं सगळी पोरं विकलीत, आबा. ह्याच आठवड्यात. एकेक करून."

"भाव?"

"नावालाच. ह्याच्या दसपट किंमत आली असती."

"घेतली कुनी?"

तिने एकेक नाव पाहिलं. "सगळे चांगले कोच आहेत. पोरांना नीट शिकवणारे. दादानं आधी बोलून ठेवलं असणार."

आबा मटकन खाली बसले. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण दावणीची गुरं विकणारी माणसं पाहिली होती. गरजेपायी विकणारा भाव बघतो. कायमचा निघालेला माणूस भाव बघत नाही, गोठा बघतो.

होडीतून भगवंतची हाक आली, "दोर धरा रं!" चार माणसं धावली. आबा उठले नाहीत.

"समदी गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक राहिलाय. बुटका आहे, म्हणून कुणी घेतला नाही." नाव परदेशी होतं, आबांना ते म्हणता येईना.

वर आलेलं बाभळीचं खोड होतं. कुणीतरी रडल्यासारखं हसलं.

आबा त्या मोबाईलकडे बघत राहिले. कीर्तनात पुढच्या रांगेत कुणी पेंगायला लागला, तर बुवा त्याच्यावर ओरडत नाहीत. चाल थांबवतात, टाळकऱ्यांना हाताने थोपवतात आणि नेमकं त्यालाच विचारतात, "माउली, काय म्हणालो मी?" झोपेच्या काठावरचा माणूस दचकून उत्तर शोधायला लागतो.

"त्यात त्याला लिवता येतं का?" आबांनी विचारलं.

"येतं. मेसेज जातो."

"मग लिव."

"काय लिहू? घरी ये म्हणून?"

"न्हाई. फोनवर हजारदा लिवून झालं ते." ते तिच्याजवळ सरकले. "इचार त्याला, ह्या ऱ्हायलेल्या पोराला या आठवड्याला काय शिकवायचं?"

गेणभाऊने कपाळावर हात मारून घेतला. "अरं संपत, ही काय येळ हाय का?"

आरोहीने लिहिलं. दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. मग दोघं बापलेक भिंतीच्या कडेला, उन्हात, एका मोबाईलवर वाकून बसले. खाली गळ पडत होता, निघत होता. आबांनी कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

मोबाईलवर एक ओळ उमटली.

आरोहीच्या तोंडून आधी नुसता हुंदका आला. मग तिने वाचलं, "पास शिकव. उंची नाही, पण नजर चांगली आहे त्याची."

"त्योच हाय?"

"दादाच आहे, आबा. दुसरं कोण लिहिणार?"

गेणभाऊ होडीच्या दिशेने हातवारे करत पळत सुटला. त्याचं धोतर काट्यात अडकलं, फाटलं, त्याला पत्ता नव्हता.

"कुठे आहेस, विचारू?" आरोहीचं बोट अक्षरांवर आलंसुद्धा.

आबांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"ते नको. पोराचंच इचार. खेळवायचा कुठं, पुढं उभा करायचा का मागं. काय बी इचार, बाळ." त्यांनी तिचं मनगट सोडलं. "पन इचारत ऱ्हा."