गाढवाचा कान

“बाळंतपणाच्या रजेत डोकं घरीच विसरलात वाटतं,” म्हणत सरांनी कापडी गाढव माझ्या टेबलावर ठेवलं. ज्याच्या चुकीनं काम बंद पडेल, गाढव त्याचं, हा ऑफिसचा रिवाज. डेटाबेसमधल्या रकान्याचं नाव त्यांनीच गुपचूप बदललं होतं, म्हणून जुन्या नावानं माहिती मागवणारी माझी क्वेरी ग्राहकाकडे कोसळली होती.

मी गाढव घरी नेलं. मग प्रोग्राम तयार होण्याआधीच प्रत्येक क्वेरी डेटाबेसशी ताडून बघणारी तपासणी बसवली.

आज सगळ्यांसमोर सरांचीच क्वेरी त्या तपासणीत अडकली आणि काम थांबलं. रकान्याचं नाव आपणच बदललंय हे विसरून त्यांनी जुनंच लिहिलं होतं.

“ती तपासणी बंद करा,” ते पुटपुटले.

मी पिशवीतून गाढव काढून त्यांच्यापुढे ठेवलं. “कान ओला आहे, सर. लेकीला दात येताहेत, ती तोच चावते. तुमचं नाव सांगूनच देते तिला.”