जाड फ्लॅनेल

पुढच्या महिन्यात वडिलांना आपल्याकडे कॅनडाला न्यायचं म्हणून ललितने बुऱ्हाणपूरच्या दुकानात त्यांच्या पँटसाठी जाड लोकरी फ्लॅनेल निवडलं. आबांचा हात मात्र पुन्हापुन्हा पातळ कापडावर जात होता. “आबा, तिकडे बर्फ पडतो! कसली कंजूसी? लोक हसून राहिले,” ललित खेकसला. आबांनी त्याला बाजूला ओढलं. “पैशाचं नाही रे. जाड कापडात नाडी सरकत नाही.” “पँटला नाडी?” “वर्षापासून उजव्या हाताला बटण धरवत नाही. तू कामावर गेल्यावर सूनबाईला म्हणू का, बटण लाव?” ललितने आबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला आबांचा फक्त चेहरा दिसायचा. तो दुकानातल्या शिंप्याकडे वळला. “फ्लॅनेलच घ्या, कमरेला सुती पट्टी जोडून नाडी घाला.” “नाडी? कोणाला?” शिंपी हसला. “मला,” मान वर न करता ललित म्हणाला, “आबांचीही तशीच शिवा.”