त्यांचं तेवढं

मुंबईचं द्वैभाषिक राज्य आता मोडणार, गुजरात वेगळा होणार, असं बोरीवलीच्या नाक्यावर सगळेच म्हणायला लागले, तेव्हा शंकररावांनी आपल्या घरापुरतं ते त्याच संध्याकाळी मोडून टाकलं.

"शेजारच्या मंजुळाबेनशी देणंघेणं आजपासून बंद. वेगळं व्हायचंच आहे, तर आधीपासून सवय हवी. त्यांचं जे काही आपल्याकडे असेल ते परत देऊन ये."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ओरडून त्यांच्या बायकोचा, माणिकचा, घसा अजून बसलेला होता. शंकरराव मोर्चाच्या दिवशी कचेरीत होते.

माणिकनं पापडाचं लाटणं नेऊन दिलं, चाळणी नेऊन दिली. मग फळीवरून दह्याचं मातीचं सट काढलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं.

"एवढं राहिलं."

"हे कशाला? दही तर तू लावलंस."

"दूध आपलं, विरजण त्यांचं. परवा आपल्याकडे चमचाभरही दही उरलं नव्हतं, म्हणून मंजुळाबेनकडून आणलं. त्याआधी त्यांचं संपलं, तेव्हा त्यांनी आपल्याकडून नेलं होतं. या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच चाललंय."

शंकररावांनी सट पुढे ओढलं. माणिकनं त्यांच्या हातात चमचा दिला.

"घ्या. यातलं त्यांचं तेवढं वेगळं काढा. लगेच देऊन येते."