पहिलं अक्षर

ट्रुडीच्या स्वयंपाकघरात आर्डिथ काही केल्या बसेना. कणकेचे हात एप्रनला पुसत ती दारापासून खिडकीपर्यंत जाई, खिडकीपासून ओट्याकडे येई. फ्रिजवर ठेवलेला रेल्वेचा रेडिओ खरखरत होता. तासाभरापूर्वी त्याच्यावरूनच कळलं होतं: 'जी' अक्षराची गाडी नदीच्या पुलाशी घसरली, इंजिन पाण्यात गेलं, इंजिनातून कुणी उत्तर देत नाही.

ट्रुडीचा नवरा ड्वेन त्या गाडीचा ड्रायव्हर होता. सकाळीच त्याने पलीकडच्या गावातल्या रेल्वेच्या हॉटेलातून फोन करून सांगितलं होतं, "'जी'वर निघतोय. चारपर्यंत घरी."

"नक्की जीच म्हणाले ना गं?" ट्रुडीने विचारलं. "एक्स असेल. तूच शिकवलंस ना मला, रिकाम्या गाड्यांना एक्स लावतात म्हणून."

"भरलेली म्हणाले, बाई."

"मग कालची जी असेल. रखडलेली."

ट्रुडी लग्न होऊन या गावात आली तेव्हा याच टेबलापाशी आर्डिथने तिला गाड्यांच्या नावांतली अक्षरं शिकवली होती. पहिलं अक्षर बघ, बाकी नुसती गावांची नावं आणि तारीख. सी म्हणजे कोळसा, जी म्हणजे धान्य. झेड आली की सगळ्यांनी बाजूला व्हायचं, बिशपची मोटार यावी तसं. आणि एम म्हणजे सरमिसळ माल, दर गावी डबे सोडत, डबे उचलत येणार. नवरा एमवर असला की ताट वाढू नकोस, झाकून ठेव. ट्रुडी तेव्हा पोट धरधरून हसली होती.

आर्डिथचा नवरा लेलंड आज एमवर होता.

आर्डिथच्या मनात दर घटकेला तेवढंच येत होतं. ट्रुडीच्या पाठीवरून हात फिरवताना, तिला पाणी देताना, 'कळेपर्यंत काही मनात आणू नकोस' असं सांगताना, आत कुठेतरी ते अक्षर ती घट्ट धरून होती. त्याची तिला लाज वाटत होती. पण सोडवतही नव्हतं.

सकाळी मात्र याच अक्षरावरून तिचा पारा चढला होता. लेलंडचा फोन आला तेव्हा ती रुंझाची, म्हणजे खिमा-कोबी भरलेल्या पावांची, कणीक मळत होती. मुलगी सहा महिन्यांनी बाळाला घेऊन आली होती आणि संध्याकाळी परत निघणार होती.

"ड्वेनला जी मिळाली," लेलंड म्हणाला होता, "माझा नंबर त्याच्या मागे. मला एम."

"म्हणजे तू येणार जॅनेल गेल्यावर."

"अगं, पाळी माझ्या हातात आहे का?"

"तीस वर्षं तेच ऐकतेय. नातीला फोटो दाखवीन तुझा. ये सावकाश." आणि तिने फोन आपटला होता.

आता जॅनेल बाळाला घेऊन तळ्यावर गेली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. परत आली की सांगावं लागेल. आर्डिथ पुन्हा खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडे तिचं घर, दार उघडंच टाकून आलेलं.

"बस ना गं," ट्रुडी म्हणाली. "तू फिरतेस ना, रेडिओ नीट ऐकू येत नाही."

"बसते."

ती ओट्याकडे वळली, कोरडाच ओटा पुसू लागली. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

दोघीही जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्या घंटेला ट्रुडी उठली, डोळे मिटून रिसीव्हर कानाला लावला.

"ड्वेन?" तिचा आवाज फाटला. "ड्वेन! मेल्या, कुठे आहेस तू? हॉटेलात? अजून हॉटेलातच?" ती रडत होती, हसत होती, रिसीव्हरचेच पापे घेत होती. आर्डिथने धावत येऊन तिला मिठी मारली. "देवा रे," ती म्हणत होती, "देवा रे, देवा."

"पण मग," ट्रुडी डोळे पुसत म्हणाली, "जीवर कोण गेलं?"

पलीकडून ड्वेन बराच वेळ बोलत राहिला. ट्रुडीचं हसू विझत गेलं. आर्डिथचे हात तिच्या खांद्यांवरून आपोआप खाली आले.

"अदलाबदल केली म्हणतो," ट्रुडी हळूच म्हणाली. तिची नजर भिंतीवर होती. "लेलंड फार मागे लागला. पोरगी जायच्या आत घरी पोचायचंय म्हणाला."

रेडिओवर कुणीतरी पुलापलीकडच्या गाड्या थांबवायला सांगत होतं. एकेक अक्षर, एकेक गाव.

"आर्डिथ," ट्रुडी म्हणाली, "ड्वेन तासभर तुझ्याच घरी फोन लावत होता."

तिने तार ताणून रिसीव्हर पुढे धरला. आर्डिथने कणकेचे दोन्ही हात पाठीमागे लपवले.