मराठीत जेवढं होतं

म्हैस पहाटे मेली. आठच्या सुमाराला सिद्धाराम अप्पांनी शेजारच्या शिवप्रियाला गोठ्यात बोलावून घेतलं आणि मोबाईल तिच्या हातात दिला. त्यावर एका तणनाशक कंपनीचं पान उघडलेलं होतं. त्या पानाचं मराठी शिवप्रियानंच केलेलं. तिच्या आईची ही गोष्ट अख्ख्या ईट गावात सांगून झाली होती.

"डॉक्टर म्हणत्यात, पोटात औषध गेलं," अप्पा म्हणाले. "आता कसं जाईल? तू लिवलंय म्हणून म्या भरवसा ठिवला. वारं पडल्यावर फवारलं. तोंडाला फडकं बांधलं. पंप तीनदा धुतला. मराठीत जेवढं व्हतं तेवढं सगळं केलं. माझं चुकलं कुठं, तेवढं सांग."

कुठं चुकलं, ते शिवप्रियाला पान न बघताच ठाऊक होतं.

काम आलं तेव्हाच त्यातल्या काही ओळींवर कंपनीनं, हात लावू नये म्हणून, कुलपाची खूण करून ठेवली होती. तिनं फोन करून विचारलंही होतं. "वकिलांचा मजकूर आहे, मॅडम. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर आम्ही अडकू. त्या ओळी इंग्रजीतच राहू द्या," असं तिथला साहेब म्हणाला होता. आणि खोटं कशाला बोला, तिलाही बरंच वाटलं होतं. तेवढंच काम कमी.

"पोरी, बोल की. दुसरी अजून दावणीला हाय. तिला तरी काय व्हायला नगं."

तिनं बोटानं पान सरकवत नेलं. अगदी तळाला, बारीक अक्षरांत ती ओळ होती. "फवारल्यावर पंधरा दिवस," ती वाचता वाचता मराठीत सांगू लागली, "त्या रानातलं आणि बांधावरचं गवत जनावरांना घालू नये."

अप्पांनी दावणीकडं पाहिलं. रात्री टाकलेलं बांधावरचं तेच गवत दुसऱ्या म्हशीपुढंही होतं, निम्मंअर्धं खाऊन झालेलं. ते धावले. दोन्ही हातांनी गवत ओढून गोठ्याबाहेर फेकू लागले. म्हैस मान लांब करून गवताकडं बघत राहिली.

गव्हाण रिकामी झाल्यावर ते धापा टाकत शिवप्रियासमोर येऊन उभे राहिले.

"एवढं सोपं व्हतं व्हय? मग ते इंग्रजीत कुणासाठी लिवलंय?"

"कोर्टासाठी, अप्पा."