झोरियानाचे बूट

ओस्तापनं बुटांची जोडी बेकरीच्या काउंटरवर ठेवली आणि फोन पुढे केला.

"हिला पाहिलंत? झोरियाना. माझी बायको. कडेवर मुलगी असेल, सहा महिन्यांची."

बेकरीवालीनं फोटो पाहिला, मग बूट पाहिले. "आधी ते उचला. इथं पाव ठेवते मी."

"माफ करा." त्यानं बूट छातीशी धरले. "एवढ्या बर्फात सपाता घालून निघालीय हो ती. बूट माझ्या गाडीत होते. पोरीला खोकला आहे."

कालपासून तो शिकागोतली ही युक्रेनी वस्ती पालथी घालत होता. रात्र गाडीतच काढली होती. डोळे लाल झाले होते, उजव्या हातावरची पट्टी सुटत आली होती.

"इथंच येणार ती," तो म्हणाला. "दर रविवारी एकच धोशा, तिथल्या चर्चमध्ये घेऊन चल. आमच्या गावात तिची भाषा बोलणारं कोणी नाही."

"आणि तू रे? तू तर बोलतोस," रांगेतली एक म्हातारी म्हणाली. तिच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल होता.

"आजीकडनं शिकलो, तेवढंच."

"मी पारास्का. मावशी म्हण. चल, सगळ्या ओळखीच्या जागा दाखवते. एकट्याला तुला इथं कोण काय सांगणार?" ती बेकरीवालीकडे वळली. "माझा पाव बाजूला ठेव गं."

बेकरीवाली मान हलवून आत फोनवर बोलायला गेली.

मधाच्या दुकानात कोणी झोरियानाला पाहिलं नव्हतं. सोनेरी घुमटांच्या चर्चमध्येही नाही. म्हाताऱ्यांच्या क्लबात पत्त्यांचा डाव रंगला होता.

"बायको हरवली?" एकानं पान टाकत विचारलं. "माझी घेऊन जा. सूप बरं करते."

"गप रे ह्रिहोरी. संध्याकाळच्या आत परत आणून सोडतील तिला," पारास्का मावशी म्हणाली. सगळे हसले. ओस्तापला हसू आलं नाही.

"तिचं डोकं ठिकाणावर नाही, मावशी," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "बाळंतपणापासून असंच चाललंय. बाळाला घेऊन न्हाणीघरात कोंडून घेते. त्या दिवशी तर दाराची काच फोडून उघडावं लागलं." त्यानं पट्टीचा हात वर केला. "आत लेकरू होतं. मी काय करायचं होतं?"

"बाळंतपणानंतर होतं असं," मावशी म्हणाली. "तिचा फोन?"

"माझ्याकडे. पासपोर्टही. ती कुठंही टाकून देते."

"जपतोस तिला."

"कोणीतरी जपायला नको?" त्याचा आवाज फाटला. "ती सापडली नाही तर मी काय करू, मावशी? माझं दुसरं कोण आहे?"

पुढच्या वळणावर एका घरासमोर गाडीत सामान भरून झालं होतं. तरी घरचे सगळे पायऱ्यांवरचं बर्फ झटकून ओळीनं बसले होते. कोणी बोलत नव्हतं. मग एक तरुण उठला, सगळ्यांना मिठ्या मारून गाडीत बसला.

"यांचा नातू चालला नोकरीला," मावशी म्हणाली. "लांबच्या वाटेला निघायच्या आधी क्षणभर गप्प बसायचं. तुझी आजी नाही बसवायची?"

"बसवायची. आजी गेली, ते सगळं संपलं." तो पुढे निघालाही होता. "आता कुठं?"

"चर्चच्या तळघरात. बायका वारेनिकी करत असतील. आख्ख्या वस्तीची खबर तिथं असते."

तळघरात वाफ भरली होती. लांब टेबलाभोवती बायका पिठाच्या चकत्यांत बटाट्याचं सारण भरून कडा चिमटीनं मिटत होत्या. त्यांनी ओस्तापला बसवलं, गरम सूप दिलं.

"आण ते बूट इकडं," मावशी म्हणाली. "किती ओले झालेत. शेगडीपाशी ठेवते. सापडल्यावर तिनं गार बुटात पाय घालायचे का?"

त्यानं बूट दिले. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचे हात मोकळे झाले.

"आणि नीटसा फोटो नाही का रे? फोनमधल्यात टोपीच जास्त दिसते. फादरना दाखवू, ते सगळीकडं पाठवतील."

त्यानं आतल्या खिशातून झोरियानाचा पासपोर्ट काढला. "यातला स्पष्ट आहे."

एक बाई पासपोर्ट घेऊन मागच्या दारानं आत गेली. "छापून आणते."

शेगडीवर दुसरीनं छोट्या पातेल्यात दूध कोमट केलं, थेंबभर मनगटावर टाकून पाहिलं आणि तीही आत गेली. "मांजर आहे," ती जाता जाता म्हणाली.

ओस्तापनं सूप संपवलं. टेबलावर पिठाचा धुरळा उडत होता, बायकांची बोटं चालली होती.

मग पारास्का मावशीनं हात पुसले आणि ती बाकावर बसली. शेजारची बसली. तिच्या पलीकडची बसली. लाटणं थांबलं. सगळ्या माना खाली घालून गप्प झाल्या.

आपल्यासाठीच प्रार्थना चाललीय, असं ओस्तापला वाटलं. त्याला भरून आलं. त्यानंही हात जोडून डोळे मिटले. कालपासून पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

"चला," म्हणत मावशी उठली. तिनं हवेत क्रूस काढला, मागच्या दाराकडे तोंड करून. "वाट सुखाची होवो."

"आमेन," ओस्ताप डोळे पुसत म्हणाला. "सापडेल ना हो, मावशी? सपातांवर कितीशी लांब जाईल?"

मावशी पुन्हा पिठाकडे वळली. वर गल्लीत एक गाडी सुरू झाली आणि तिचा आवाज लांब लांब गेला. ओस्ताप उठला आणि बूट घ्यायला वाकला.

शेगडीपाशी फरशीवर ओल्या बुटांचे दोन ठसे होते, आणि तेही वाळत आले होते.