मिक्सरवाल्या आजींची तक्रार

"मिक्सर आवाज करतो," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतला मिक्सर काढून काउंटरवर आदळला.

"आजी, मिक्सर आवाज करणारच," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

"हा भलताच करतो. थांब, बसून सांगते."

आजी खुर्चीत बसल्या. समोरच्या खुर्चीत मुलगीही बसली.

काचेच्या केबिनमधून मॅनेजरने हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. गेला आठवडाभर दुकान उघडलं की ही बाई दारात हजर. सेल्समन लोकांनी तिचं नाव मिक्सरवाली ठेवलं होतं. मिक्सर दोनदा वर्कशॉपला जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा तिकडून एकच निरोप होता, दोष काही नाही. तरी तक्रार बंद होत नव्हती, आणि बंद न झालेली तक्रार मुख्य कचेरीत मॅनेजरच्या नावापुढे लाल दिसायची.

मॅनेजरला शिस्त प्यारी. टीव्ही-फ्रिजच्या विभागात त्याने कर्मचाऱ्यांसाठी एक स्टूलसुद्धा ठेवलं नव्हतं. बसलेला माणूस माल विकत नाही, हे तो नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकवायचा. तक्रारीच्या काउंटरला तेवढा मुख्य कचेरीचा वेगळा नियम होता. गिऱ्हाईक बसलं की तेवढ्यापुरतं आपणही बसायचं, चिडलेल्या माणसाच्या पुढ्यात उभं राहायचं नाही. या असल्या लाडांमुळेच म्हातारीचं फावलंय, असं त्याचं ठाम मत होतं. त्यातून काउंटरवरची मुलगी लवकरच बाळंतपणाच्या रजेवर जाणार. तिच्या जागी कुणी नवखा आला, तर म्हातारी त्याला कच्चा खाईल. हे प्रकरण आजच निपटायला हवं होतं.

तो बाहेर आला. "काय आजी, आज काय नवीन?"

"नवीन कुठलं? जुनंच अजून ऐकलं नाही तुम्ही."

त्याने वायर लावून मिक्सर सुरू केला. मिक्सर मांजरासारखा गुरगुरला.

"कुठाय आवाज?"

"तुम्ही आलात म्हणून गप बसलाय. साहेब आले की सगळेच गप बसतात."

मागे कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. मॅनेजरचे कान तापले. तो मुलीला म्हणाला, "ऊठ तू. फ्रिजच्या विभागात जाऊन उभी राहा. यांचं मी बघतो."

मुलगी टेबलाला हात टेकून उठली.

"ती कुठं निघाली?" आजींचा आवाज चढला. "माझी तक्रार तिनं घेतलीय. तीच ऐकेल."

"अहो, मी मॅनेजर आहे."

"असाल. तुमच्याशी मला बोलायचं नाही. तिला आधी बसवा. नाहीतर मी इथून हलत नाही, आणि माझा आवाजही खाली येणार नाही."

वॉशिंग मशीन पाहणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. आजींनी त्यांनाच हाक मारली. "मशीन घेताय? घ्या, घ्या. पण आधी इकडे येऊन माझं ऐकून जा."

मॅनेजरने मुलीला घाईघाईने खुर्ची दाखवली. ती परत बसली. आजींचा आवाजही जागेवर आला.

मग त्याने शेवटचं हत्यार काढलं. आतून नवाकोरा मिक्सर आणवला आणि खोका आजींच्या पुढ्यात ठेवला. "हा न्या. फुकट. तक्रार बंद."

कुणीही असतं तर खोका उचलून चालू पडलं असतं. आजींचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी संगणकात डोकं घालून बसली होती.

"नको," आजी म्हणाल्या.

"का नको?"

"मी दुरुस्ती मागायला आलेय, दान मागायला नाही. माझाच नीट करून द्या."

"अहो, तो बिघडलेलाच नाही."

"मग नवा कशाला देताय?"

मॅनेजरने खोका बाजूला सारला. तो दात आवळून म्हणाला, "उद्यापासून हा मिक्सर या दारातून आत येणार नाही. वॉचमनला बजावून ठेवतो."

"उद्याचं उद्या. आजचा दिवस माझा."

आणि आजी दुकान बंद होईपर्यंत बसल्या. जेवणाच्या सुट्टीत मुलगी उठली, तेवढीच काय ती त्यांनी उसंत घेतली. सुट्टी संपायच्या आत पुन्हा खुर्चीत. मिक्सर सकाळी कसा कुरकुरतो, दुपारी कसा कण्हतो, सगळं त्यांनी मुलीला साग्रसंगीत सांगितलं. मुलगी मान डोलवत टाइप करत राहिली.

संध्याकाळी मॅनेजरला मुलीची कीव आली. "तुझं डोकं खाल्लं म्हातारीने. उद्यापासून तुला बिलिंगला घेतो. दिवसभर उभं राहावं लागेल, पण ही कटकट तरी टळेल."

"नको साहेब," मुलगी शांतपणे म्हणाली. "मला आता सवय झालीय."

अशी माणसं मिळायला नशीब लागतं, असं मॅनेजरला मनापासून वाटलं.

सगळे गेल्यावर तो दिवे मालवत होता, तेव्हा काउंटरवर मिक्सरचं झाकण दिसलं. हे राहिलं म्हणून उद्या पुन्हा यायची! ते घेऊन तो तसाच बाहेर धावला. म्हातारी फार लांब गेली नव्हती. कोपऱ्यावरच्या बुटक्या भिंतीवर त्याच्याकडे पाठ करून बसली होती. शेजारी काउंटरवरची मुलगी होती. तिने चपला काढल्या होत्या आणि तिचे सुजलेले पाय म्हातारीच्या मांडीवर होते.

"आज जरा बरं वाटतंय, आई," मुलगी म्हणत होती. "पण मिक्सरला तर बंदी झाली. आता काय हो?"

"उद्या इस्त्री आणते, मग पंखा," तिचे पाय चेपता चेपता म्हातारी म्हणाली. "ते तुला स्टूल देत नाहीत ना, नको देऊ देत. बाळ येईपर्यंत तुला बसवून ठेवायला पुरतील एवढ्या वस्तू आहेत आपल्या घरात, सूनबाई."